लाल देठाची अकरा रोपं

मळ्यातून,
५ डिसेंबर २०२४

हेमांगी,

आशीर्वाद लिहावा तर तू म्हणशील, चार वर्षं कुठे होता? म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतो. तुझा पत्ता चेतनाने दिला. शहाद्याच्या बाजारात दिसली, आधी ओळखच दाखवेना. मग रसवंतीत बसवून दोन ग्लास रस पाजला तेव्हा बाईसाहेबांचं तोंड उघडलं. पत्ता दिला, पण फोन नंबर काही दिला नाही. हेमांगीला शब्द दिलाय म्हणाली. मैत्रीण तू चांगली निवडलीस, एवढं मान्य करतो.

माझा जुना नंबर आता बंद आहे. मोबाइल पाटाच्या पाण्यात पडला तेव्हा सगळंच नवीन घेतलं. नवीन नंबर इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर रोज तुझ्या फोनची वाट बघत बसेन, आणि तू काही करणार नाहीस. तुझ्या भावाचा, भावेशचा नंबर तू काढून टाकलास हेही मला ठाऊक आहे. पत्राचं बरं असतं. उत्तर आलं नाही तर पोस्टाला शिव्या देता येतात.

काम तुझ्या रोपांचं आहे. कोकणातल्या सहलीहून तू रुमालात बांधून बिया आणल्या होत्यास, तुझी आई तेव्हा हयात होती. त्यातली अकरा रोपं जिवंत आहेत. गुडघ्याएवढी झाली आहेत. इतक्या वर्षांत गुडघा! माझी केळी अकराव्या महिन्यात घड देते. पण देठ मात्र तू सांगितले तसेच लाल आलेत, कुंकवासारखे. येणारा-जाणारा विचारतो हे काय आहे म्हणून. मी सांगतो, पोरीचं आहे, हात लावू नका.

आधी पंधरा होती. दोन हिवाळ्यांपूर्वी खोलीत शंभरचा बल्ब लावून ठेवायचो. एका रात्री लाइट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही, आणि चार रोपं काळी पडली. तू म्हणायचीस ना, ही गरम देशाची पोरं आहेत, थंडी पडली की माना टाकतील. तसंच झालं. तेव्हापासून लाइटचा भरवसा सोडला आणि आपली अक्कल चालवली.

बागेत आपण काय करतो? थंडी पडली की बांधाबांधाला ओला पालापाचोळा पेटवतो, धूर केळीवर बसतो, बाग वाचते. चाळीस वर्षं हेच केलं. तेच घरात केलं, फक्त धूर नको म्हणून लाकडी कोळसा घेतला. अक्कलकुव्याच्या बाजारातून पोतं आणलं. शेगडीत निखारे फुलले की धुराचं नाव नाही, मग काळजीच नाही. तुझ्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना केळीच्या घडाला घालतो त्या पिशव्या दुहेरी करून चिकटवल्या. दाराखाली गोधडी दाबतो. वारा तर सोड, मुंगीला वाट नाही. गेल्या हिवाळ्यापासून मी तिथेच खाट टाकून झोपतो आणि मध्यरात्री एकदा उठून कोळसा घालतो. त्यानंतर एकही रोप दगावलेलं नाही.

आता १४ तारखेला सुरतेला जायचं आहे. भावेशकडे थोडं काम आहे, आठवडाभर लागेल. तेवढे दिवस माझी थोरली बहीण, तुझी दगू फुई, इथे राहून शेगडी सांभाळणार आहे. त्याच खोलीत झोपेल. तू आता रोपवाटिकेत काम करतेस, चेतना म्हणाली. तेव्हा माझं काही चुकत असेल तर कळव. पाणी किती, ऊन किती, तेही लिही.

आबा


मळ्यातून,
११ डिसेंबर

हेमांगी,

तुझं उत्तर यायच्या आतच दुसरं पत्र लिहितो आहे. भावेशकडे काम आहे असं लिहिलं ते खोटं होतं. मला बरं नाही.

गेल्या हिवाळ्यात सुरू झालं. सकाळी उठलो की डोकं फुटल्यासारखं दुखायचं, मळमळायचं, पाय जड व्हायचे. एकदा नळाजवळ चक्कर येऊन पडलो. रंजनाबाई बाजूच्या मळ्यातून दूध घ्यायला आली होती म्हणून उचललं तरी. उन्हाळ्यात आपोआप बरं वाटलं, मी म्हटलं गेली पीडा. दिवाळीनंतर थंडी पडली आणि पुन्हा तेच. शहाद्याच्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या, त्यांनी काही फरक नाही. भावेशने सुरतेला मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. डोक्याचा फोटो काढणार म्हणे. आत काही सापडलं तर काय करायचं, हा विचार मी रात्री करतो आणि कोणाला सांगत नाही. तुला सांगितलं, कारण तू लांब आहेस.

फुई परवाच आली. एकाहत्तरची झाली, पण जीभ अजून तिखट. आल्या आल्या रोपं बघून म्हणाली, ना फूल ना फळ, हे दांडके जगवून तू काय करणार? मी म्हटलं, तुला कळायचं नाही. मग पदर खोचून कोळसा कसा रचायचा ते माझ्याकडून नीट शिकून घेतलं. तिच्यासाठी बटणांचा मोबाइल आणला आहे. हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की बंद, एवढं तिला जमतं. वाचता तर येतच नाही.

पहिल्या रात्री मी ओट्यावर झोपलो आणि तिला खोलीत झोपवलं, सवय व्हावी म्हणून. सकाळी ती बराच वेळ खाटेवर डोकं धरून बसली. म्हणाली, “डोकं जड व्हयी जास रे रतू, पन झोप मोठी गोड लागस.” मी तिला कडक चहा करून दिला. नवी जागा, नवी थंडी, असं होतंच. गंमत म्हणजे ओट्यावर झोपूनही त्या दिवशी माझं डोकं अजिबात दुखलं नाही. मोकळ्या हवेचा गुण असेल.

आपलं मांजर मात्र त्या खोलीत जायचं बंद झालं आहे. आधी शेगडीच्या बाजूला अंग चोरून पडलेलं असायचं. आता मी उचलून आत ठेवलं तर नख मारून पळतं. फुई म्हणते, तुन्हा तोंडले कटाळनं ते.

एक गोष्ट लिहायची होती म्हणून खरं तर हे पत्र काढलं. जमिनीच्या हक्कसोडीच्या दिवशी तू तहसीलच्या ओट्यावर उभी होतीस, आईला जाऊन तीन महिने झाले होते. आपल्यात सगळ्याच पोरी सही करतात. माझ्या बाकीच्या बहिणींनी केली, फुईनेही केली, म्हणून मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. तुला साधं विचारलंसुद्धा नाही. कागद पुढे सरकवला आणि पेन दिला. तू सही केलीस, पेन मला परत दिलास आणि म्हणालीस, “आता या घरात माझं काही नाही. तेवढी रोपं सांभाळा.” तेव्हा मला राग आला होता. रोपांपुरतं बोललीस, बापाबद्दल एक शब्द नाही, असं वाटलं.

आता तसं वाटत नाही. या घरात तुझं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे. ती मेली तर तू कशाला येशील? म्हणून भावेश हसला, गावातले लोक हसले, तरी मी कोळसा घालतो. एवढंच सांगायचं होतं.

आबा


सुरत,
१६ डिसेंबर

हेमांगी,

भावेशच्या सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून लिहितो आहे. खाली बघितलं की गरगरतं, म्हणून समोर बघतो. समोरही सहावा मजलाच आहे.

बातमी चांगली आहे. डोक्याचा फोटो स्वच्छ निघाला. छातीची पट्टीही चांगली. डॉक्टर तरुण आहे, गुजरातीत भराभर बोलतो. म्हणाला, काका, तुम्हाला काहीच नाही. आणि खरंच नाही, हेमांगी. इथे येऊन दोन रात्री झाल्या, डोकं हलकं, मळमळ बंद, काल तीन पोळ्या खाल्ल्या. औषध अजून सुरूही केलं नाही. याला म्हणतात डॉक्टरचा हातगुण.

त्याने एक विचारलं. घरात चूल आहे का, शेगडी, कोळसा असं काही पेटवता का? मी म्हटलं, गॅस आहे आमच्याकडे, दोन सिलिंडर आहेत. स्वयंपाकाबद्दल विचारतो आहे असंच मला वाटलं. खेड्यातला म्हातारा दिसला की या शहरी लोकांना चूलच आठवते, म्हणून जरा तोऱ्यातच सांगितलं. खोलीतल्या शेगडीचं म्हणशील तर, झाडांसाठी शेगडी पेटवतो हे कोण सांगणार? भावेश बाजूलाच बसला होता, पुन्हा हसला असता. डॉक्टरने मान डोलावली आणि पुढचा पेशंट बोलावला.

फुईला रोज संध्याकाळी फोन करतो. रोपं ठीक आहेत. काल सकाळी तिला उलटी झाली. म्हटलं, आदल्या दिवशी काय खाल्लंस? तर वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी. म्हटलं, मग या वयात पचेल कसं? दुपारपर्यंत अंगणात उन्हात बसली आणि बरी झाली. रंजनाबाईने तिला सांगितलं की ओसरीत झोप, खोलीत कोंदट होतं. फुईने मला विचारलं. मी म्हटलं, ओसरीत झोपलीस तर मध्यरात्री कोळसा कोण घालणार? तिला ते पटलं. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही, मोठी असूनसुद्धा.

इथे आल्यापासून एक विचार डोक्यात येतो आणि नीट धरायला गेलं की सुटतो. मला तिथे दुखतं आणि इथे दुखत नाही. फुईला तिथे दुखायला लागलं. खोलीची जागा वाईट असेल का? तुझ्या आईचं आजारपण त्याच खोलीत गेलं. मी असलं मानणारा नाही हे तुला माहीत आहे. परत गेल्यावर खोलीत नारळ फोडीन, मनाला बरं.

२२ ला परत येतो.

आबा


सुरत,
१९ डिसेंबर

हेमांगी,

काल संध्याकाळी फुईचा स्वतःहून फोन आला. तिने पहिल्यांदाच केला, मी घाबरून उचलला. म्हणाली, “रतू, हेमांगीनं पत्र उनं शे. पोस्टमन दी गया.”

चार वर्षांनी तुझ्या हातचं पत्र. विचारलं, पातळ आहे का जाड? म्हणाली, पातळ आहे, पण लाल-पांढऱ्या पाकिटात आहे, पोस्टमनने अंगठा घेतला. म्हणजे स्पीड पोस्टने पाठवलंस. मग तिने विचारलं, “रंजनाबाईनी पोर शे आठे. तिन्हाकडतून वाचाडी लेऊ का?”

मी नाही म्हटलं. मी जरा जोरातच नाही म्हटलं. तू काय लिहिलं असशील कोणास ठाऊक. शिव्या असतील तर त्या मी ऐकाव्या, रंजनाबाईच्या पोरीने गावभर का कराव्यात? आणि गोड काही असेल तर तेही पहिल्यांदा माझ्याच डोळ्यांनी वाचायचं आहे. फुईला सांगितलं, फोडू नकोस, कोणाला दाखवू नकोस, देवाजवळ ठेव, मी आलो की वाचेन. हसली. म्हणाली, मग दिव्याजवळ ठेवते, तिथे सांभाळलं जाईल.

बोलताना तिची जीभ जरा जड वाटली. दोनदा तेच तेच विचारलं, कधी येणार, कधी येणार. झोप येते आहे म्हणाली. दिवे लागायची वेळ आणि झोप? पण म्हातारं माणूस.

टीव्हीवर थंडीची लाट सांगत होते. तोरणमाळकडे दव गोठलं आहे, आपल्याकडेही पारा खूप खाली जाणार म्हणे. मी तिला सांगितलं, आज दुप्पट कोळसा घाल आणि दाराला आतून घोंगडी लाव. तुझं पत्र आलेलं असताना रोपं दगावली तर काय तोंड दाखवू, असंच मनात होतं. ती बरं म्हणाली.

आज सकाळपासून चार वेळा फोन केला. वाजतो आणि बंद होतो. उशीखाली ठेवून अंगणात गेली असेल. तो मोबाइल तिला उलटाच धरायची सवय आहे. भावेश म्हणतो, आबा, उगाच घोर लावून घेता. तरी तो रंजनाबाईच्या घरचा नंबर शोधतो आहे.

आता अकरा वाजले. पाचव्यांदा करून बघितला. पत्र इथेच थांबवतो, भावेश आतून हाक मारतो आहे. त्याचा आवाज मला बरा वाटत नाही.


मळ्यातून,
२ जानेवारी २०२५

हेमांगी,

वरचं पत्र पोस्टात टाकायचं राहिलं. याच पाकिटात घालतो आहे.

दगू फुई गेली. १८ च्या रात्रीच गेली. सकाळी रंजनाबाई दूध घ्यायला आली, हाका मारल्या, दार ठोठावलं. आतून कडी आणि घोंगडी लावलेली म्हणून दार ढकललं तरी हलेना. तिच्या नवऱ्याने खांद्याने दार फोडलं. फुई खाटेवर कुशीला झोपली होती, अंगावर नीट गोधडी घेतलेली. शेगडी विझली होती. रंजनाबाई म्हणते, चेहरा शांत होता, गाल लाल झाले होते, वाटलं जिवंत आहे.

पंचनामा झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. कोळशाचा वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. बंद खोलीत साठतो आणि माणूस झोपेतच जातो. बागेत तो वाऱ्यावर निघून जातो म्हणून आपल्याला कधी कळत नाही. मी विचारलं, आधी काही लक्षण असतं का? म्हणाले, सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. माझं दुखणं काय होतं ते मला दवाखान्याच्या त्या बाकावर कळलं. ते दुखणं दाखवायला मी सुरतेला गेलो आणि माझ्या जागी तिला झोपवून गेलो.

तुला कळवलं नाही, कारण हात चालला नाही. चेतनाकडे जायला निघालो होतो, पण नाक्यावरून परत आलो. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र देवाजवळ सापडलं. दिव्याचं तेल एका कोपऱ्याला लागलं आहे, बाकी कोरं. तिने फोडलं नव्हतं, मी सांगितल्याप्रमाणे.

पहिली ओळ वाचली. “आबा, आधी शेगडी बाहेर काढा, खिडक्या उघडा, मग पुढचं वाचा.” त्याखाली तू लिहिलं आहेस की जुना नंबर लागत नाही, चेतना बाहेरगावी आहे, तिला निरोप ठेवला आहे, म्हणून स्पीड पोस्ट करते आहे. फुईला त्या खोलीत एक रात्रही झोपवू नका. मग रोपांसाठी लिहिलं आहेस. कुंड्या भिंतीपासून लांब ओढून एकमेकींना चिकटवा, वर जुनी चादर टाका, संध्याकाळी पाणी घालू नका, बाजूला कढत पाण्याच्या दोन कळशा झाकून ठेवा. इतकं सोपं होतं. आणि शेवटी, “मेली तरी चालतील, आबा. रोपं पुन्हा लावता येतात.”

रंजनाबाईची पोर सातवीत आहे. तिने ती पहिली ओळ सहज वाचली असती. मीच वाचू दिली नाही. मला ते पत्र एकट्याला हवं होतं.

भावेश चार दिवस राहिला आणि गेला. मला चल म्हणाला, मी गेलो नाही. घोंगडी जाळली. खिडक्यांच्या पिशव्या फाडून काढल्या. त्या खोलीत आता दोन्ही बाजूंनी वारा येतो. मांजर परत तिथे जाऊन बसायला लागलं आहे.

रोपं जिवंत आहेत. अकराच्या अकरा. एक पानसुद्धा करपलं नाही. तू म्हणाली होतीस, तेवढी सांभाळा. तेवढीच सांभाळली.

आता त्यांच्यावर चादर टाकू की उघडी ठेवू, मला कळत नाही. मी रोज संध्याकाळी चादर हातात घेऊन दारात उभा राहतो. कधी टाकतो, कधी तशीच परत आणतो. तू ये म्हणायचा हक्क मला नाही. तुझ्या फुईने तुझं बारसं केलं होतं, तिच्यासाठी येऊन जायचं असलं तर ये, मी ओसरीत बसेन, बोलणार नाही.

खाली माझा नंबर लिहिला आहे. तो पहिल्याच पत्रात लिहायचा होता.

आबा